मोजून घेतलेला जीव

शिकारीची बाजू घेणारे आणि शिकारीवर तुटून पडणारे यांचे एका बाबतीत एकमत असते. दोघांच्याही लेखी बंदुकीचा बार हाच कळीचा क्षण. एकाला त्यात मर्दुमकी दिसते, दुसऱ्याला क्रौर्य, आणि मग सगळा वाद त्या एका क्षणाभोवती फिरत राहतो: प्राणी तडफडला का, मारणाऱ्याला आनंद झाला का, त्याला खायला दुसरे काही मिळत नव्हते का. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत, वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, आयडाहो, नेवाडा या पट्ट्यात, म्यूल डिअर नावाच्या हरणाची शिकार चालते. तिच्याकडे पाहताना हा वाद मला तोकडा वाटतो. तिथे बंदुकीपेक्षा महत्त्वाची वस्तू शिकाऱ्याच्या खिशात असते. ती म्हणजे सरकारी परवान्याचा कागद, ज्याला सगळे 'टॅग' म्हणतात. एका टॅगवर एक हरीण, ठरलेल्या भागात, ठरलेल्या तारखांत. एका अर्थी ते रेशनकार्डच.

या शिकारीचे समर्थन शौर्याच्या नावावर होत नाही, परंपरेच्या नावावर होत नाही, आणि 'शिकाऱ्यांमुळेच हरणे टिकली' या लाडक्या युक्तिवादावरही पुरेसे होत नाही. ते व्हायचेच असेल तर एकाच पायावर होते. त्या डोंगरांत माणसामुळे मरणाऱ्या हरणांपैकी एवढेच मरण असे आहे की जे आधी ठरवले जाते, नंतर मोजले जाते आणि कुणाच्या तरी नावावर लिहिले जाते. बाकीची सगळी मरणे बेवारशी आहेत. ही गोष्ट मान्य केली तर शिकाऱ्याला विचारायचे प्रश्न बदलतात, आणि आपल्यासारख्या शिकार न करणाऱ्यांना विचारायचे प्रश्नही.

आधी हा प्राणी पाहू. खेचरासारखे लांब, सतत हलणारे कान. शेपटीचे टोक काळे. नराची शिंगे दुबेळकी: एका फांदीच्या दोन, त्या दोहोंच्या पुन्हा दोन. हिवाळ्यात ती गळतात, वसंतापासून मखमली सालीखाली नवी वाढतात आणि उन्हाळा सरताना झुडपांवर घासून साल उतरवली जाते. दचकला की हा प्राणी चारही पाय एकदम उचलून उड्या घेत चढाला लागतो. सपाटीवर ही चाल वेगाने पळणाऱ्यापुढे फिकी पडेल, पण दगडधोंड्यांच्या उतारावर पाठलाग करणाऱ्याचा ती दम काढते. १८०४ साली मिसूरी नदीने वर चाललेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला तो भेटला आणि कानांवरून त्याचे नाव पडले.

त्याच्या शिकारीत हाकारा नसतो आणि बहुधा मचाणही नसते. अंधारात धारेवर चढायचे, तिवईवर दुर्बीण लावायची आणि समोरचा उतार झुडूप-झुडूप चाळत तासन्‌तास बसायचे. राखाडी सेजब्रशमध्ये राखाडी हरीण. दिसतो तो कानाचा कोपरा, नाहीतर शिंगाचे चकाकते टोक. ऊन वर आले की मोठा नर कड्याच्या बुडाशी सावलीत बैठक मारतो, पाठ खडकाला आणि नजर खालच्या दरीवर. तिथपर्यंत पोचायचे ते वाऱ्याच्या हिशेबाने. पहाटे गार हवा उताराने खाली वाहते. उन्हे तापली की तीच हवा वर चढू लागते. म्हणून वरून उतरणाऱ्याने ऊन तापायची वाट पाहायची, नाहीतर माणसाचा वास त्याच्या आधी हरणाजवळ पोचतो. तीव्र उतारावर नेम धरतानाही डोळा फसवतो. गोळी किती खाली झुकणार हे आडव्या अंतरावर ठरते, तिरक्या अंतरावर नाही. नवखा माणूस तिरके अंतर धरतो आणि गोळी पाठीवरून जाते. बहुतेक दिवस तर बार न काढताच संपतात.

बार लागलाच तर पुढचे काम पाहण्यासारखे असते. वायोमिंगमध्ये पहिला मान टॅगच्या कागदाचा. त्यावर छापलेल्या महिन्या-तारखांपैकी त्या दिवसाचा महिना आणि तारीख चाकूने कापून काढायची, सही करायची. तेवढे झाले की तो कागद दुसऱ्या हरणासाठी निकामी. मग पोट उघडून आतडी काढायची, आणि तीही बेताने, कारण मूत्राशय किंवा आतडे फुटले तर मांस नासते. कातडे सोलून फरे सुटे करायचे, पाठीचे लांब पट्टे उतरवायचे, कापडी पिशव्यांत भरून झाडाच्या सावलीत टांगायचे. मोठ्या नराचे हाडाविरहित मांस तीसेक किलो भरते. ते पाठीवर घेऊन दोन-तीन खेपांत गाडीपर्यंत आणायचे, तेही जिथे नुसत्या चालण्याने धाप लागते अशा उंचीवर. खाण्याजोगे मांस डोंगरात टाकून फक्त शिंगे घेऊन येणे हा या राज्यांत गुन्हा आहे. ते मांस विकणेही गुन्हा आहे. वाटेत वन्यजीव खात्याची तपासणी चौकी लागली तर तिथला माणूस जबडा उघडून दातांवरून वय पाहतो आणि घशाजवळच्या लसिका ग्रंथी काढून घेतो. त्या प्रयोगशाळेत जातात, कारण १९६७ साली कोलोरॅडोतल्या बंदिस्त म्यूल डिअरमध्ये पहिल्यांदा लक्षात आलेला एक मेंदूचा रोग आता रानातल्या कळपांत पसरला आहे. प्रियॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या या रोगाला इलाज नाही. अशा रीतीने एका हरणाच्या मरणाची तारीख, जागा, लिंग, वय आणि आरोग्य या सगळ्याची नोंद होते. तिथल्या कुठल्या रस्त्यावरच्या किंवा कुठल्या कुंपणातल्या मरणाला एवढे लक्ष मिळते?

हा कागद आला कुठून, हे कळले तर त्याची किंमत कळते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हरीण हा बाजाराचा माल होता. खाणींच्या वस्त्यांना मांस, शहरांना कातडी. जो मारील त्याचे. शतक संपेपर्यंत बायसन जवळजवळ नाहीसा झाला आणि हरणांचे कळपही झडले. त्यानंतरची उपाययोजना दोन टोकांनी झाली. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कनेक्टिकट राज्यातल्या एका खटल्यात वन्यप्राणी ही जनतेची मालमत्ता असून राज्य तिचे विश्वस्त आहे, ही भूमिका उचलून धरली. १९००च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. म्हणजे जमीन कुणाचीही असो, तिच्यावर चरणारे हरीण जमीनमालकाचे नाही. युरोपात शिकार हा सरदार-जमीनदारांचा हक्क होता. इथे एखादा गवंडी किंवा शाळामास्तर टॅगसाठी टाकलेल्या चिठ्ठ्यांत नाव निघाले तर कुठल्याही धनिकाइतकाच हरणाचा हक्कदार ठरतो. कल्पना म्हणून ही थोर आहे.

पण 'जनता' म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर १८९६ सालीच त्याच न्यायालयाने दिले आणि ते थोर नव्हते. बॅनॉक जमातीच्या रेस हॉर्स नावाच्या माणसाने वायोमिंगमध्ये एल्क हरणे मारली होती. १८६८च्या करारानुसार अमेरिकेच्या रिकाम्या जमिनींवर शिकार करण्याचा त्याच्या लोकांचा हक्क होता. न्यायालयाने सांगितले की वायोमिंग राज्य झाले, तेव्हाच तो हक्क संपला. १८९६ सालच्या या दोन निकालांना शेजारी ठेवून वाचले की दिसते, हरीण जनतेचे झाले आणि ज्यांचे ते हजारो वर्षे अन्न होते त्यांना त्याच दमात जनतेबाहेर काढले गेले. क्रो जमातीच्या एका शिकाऱ्याच्या खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल मोडीत काढला. मधे सव्वाशे वर्षे गेली. शिकारीची परंपरा म्हणून जे अभिमानाने सांगतात, त्यांनी ही परंपराही सांगायला हवी. हिशेबाची वही कितीही नेटकी असली तरी खातेदार कोणाला धरायचे हे आधी कुणीतरी ठरवलेले असते.

आता शिकाऱ्यांच्या बाजूचा सर्वात जुना युक्तिवाद घेऊ: शिकार नसेल तर हरणे बेसुमार वाढतील आणि उपासमारीने मरतील. याचे नेहमीचे उदाहरण कैबाब पठाराचे. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर हे पठार आहे. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते शिकारीसाठी बंद केले. हरणे वाढावीत म्हणून सरकारी शिकाऱ्यांनी शेकडो प्यूमा आणि त्याहून कितीतरी अधिक कायोट मारले. हरणे वाढली, इतकी की पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत झाडे ओरबाडली गेली आणि १९२४-२५च्या सुमाराच्या हिवाळ्यांत ती भुकेने मेली. डिसेंबर १९२४ मध्ये तर एका गृहस्थाने हजारो हरणे हाकारून दरीपलीकडे नेण्याचा बेत केला. घोडेस्वार आले, गुरांच्या घंटा वाजवत चालणारे नवाहो लोक आले, कादंबरीकार झेन ग्रे हा तमाशा टिपायला हजर झाला. हिमवादळ आले, हरणे हाकाऱ्यांच्या रांगेतून मागच्या मागे निसटली आणि पलीकडे एकही गेले नाही. पुढे केंद्र सरकारने हरणे मारून कमी करायची ठरवली, तेव्हा ॲरिझोना राज्याने विरोध केला आणि १९२८ साली तोही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. केंद्र जिंकले.

वन्यजीवतज्ज्ञ ॲल्डो लिओपोल्ड यांच्या लेखनामुळे कैबाबची कथा पाठ्यपुस्तकांत गेली. १९७० साली ग्रीम कॉगली या शास्त्रज्ञाने तिच्यावर नेमके बोट ठेवले. हरणांचे त्या काळचे आकडे अंदाजपंचे होते, आणि त्याच वर्षांत पठारावरची मेंढ्या-गुरांची चराईही कमी झाली होती. मग हरणे कशाने वाढली? नंतर ॲस्पेन झाडांच्या वयांचा अभ्यास झाला. त्यात त्या काळातली रोपे खरोखरच फार कमी जगल्याचे दिसले आणि जुन्या कथेला काही प्रमाणात आधार मिळाला. म्हणजे कथा खोटी नव्हे, पण शिकारी ती ज्या टोकाला नेतात तितकी सरळही नाही. कैबाबने काही सिद्ध केले असेल तर ते एवढेच की भक्षक मारून आणि दरवाजे बंद करून कळप सांभाळता येत नाहीत. माणसाची शिकार भक्षकांची जागा भरून काढते, हे त्यातून आपोआप निघत नाही.

खरे तर आजच्या म्यूल डिअरच्या बाबतीत 'शिकारीने संख्या आटोक्यात राहते' हे म्हणणेच गैरलागू आहे. बहुतेक टॅग नरांचे असतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे काही नर कमी झाल्याने पुढच्या वर्षीच्या पाडसांचा आकडा फारसा हलत नाही. कळप वाढतो की घटतो हे माद्या किती जगल्या आणि त्यांची किती पाडसे पहिला हिवाळा काढू शकली यावर ठरते. तिथले जीवशास्त्रज्ञ म्हणूनच शंभर माद्यांमागे किती नर आणि किती पाडसे, हे मोजत असतात. या गणितामुळे शिकाऱ्यांचा युक्तिवाद जसा पडतो, तसाच त्यांच्या विरोधकांचाही. 'बंदुकांनी हरणे संपवली' हे शंभर वर्षांपूर्वीचे सत्य आहे, आजचे नाही.

आजचे सत्य पाहायला वायोमिंगच्या पाइनडेल गावाजवळ जावे. तिथल्या पठारावर या शतकाच्या सुरुवातीला नैसर्गिक वायूच्या विहिरी खणल्या गेल्या. ते पठार म्हणजे हरणांची हिवाळी चराई. संशोधक हॉल सॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधराएक वर्षे या कळपाच्या गळ्यात पट्टे बांधून माग ठेवला. त्या काळात शिकार बरीच कमी केली गेली होती, कंपन्यांनी उपाययोजनाही केल्या होत्या, तरी हरणे सुमारे ३६ टक्क्यांनी घटली. विहिरींच्या आवाजाला आणि वर्दळीला ती सरावतील ही आशाही फोल ठरली. इतक्या वर्षांनंतरही ती विहिरींपासून अंतर राखूनच चरत होती. सर्वात चांगली चराई डोळ्यांसमोर आणि तिथे पाय ठेवायचा नाही, असे हिवाळ्यामागून हिवाळे.

याच सॉयर यांनी त्या भागातला आणखी एक चकित करणारा मार्ग उजेडात आणला. रेड डेझर्टच्या वाळवंटी पठारावर हिवाळा काढणारी काही हरणे वसंतात निघतात आणि सुमारे २४० किलोमीटर चालून होबॅकच्या डोंगरांत उन्हाळा घालवतात. बर्फ वितळत वर सरकतो तसतसे कोवळे गवत उगवत जाते आणि कळप त्या हिरवळीच्या मागोमाग चढतो. हा मार्ग पाडसे आईकडून शिकतात आणि जन्मभर सोडत नाहीत. वाटेत रस्ते आहेत, तलावाच्या काठची चिंचोळी पट्टी आहे आणि कुंपणेच कुंपणे आहेत. काटेरी तारेवरून उडी घेताना पाय वरच्या दोन तारांत अडकला तर हरीण तिथेच लटकून मरते. त्याचा टॅग कुणी कापत नाही, त्याचा दात कुणी पाहत नाही.

२०२२-२३चा हिवाळा पश्चिम वायोमिंगला फार कठोर गेला. खोल बर्फ, त्यावर कडक पापुद्रा, खाली दडलेले अन्न. वायोमिंग रेंज या डोंगररांगेतल्या कळपातल्या रेडिओपट्टा बांधलेल्या माद्यांपैकी निम्म्याहून अधिक मेल्या, पाडसांपैकी जवळपास एकही वाचले नाही. यात माणसाचा थेट हात नव्हता. पण नंतर काय झाले ते पाहा. राज्याने त्या भागातली शिकार त्याच वर्षी आखडली. टॅगच्या हिशेबाची हीच ताकद आहे. मोजलेले मरण थांबवता येते. एका बैठकीत, एका ठरावाने, पुढच्या हंगामाच्या आत. गॅसच्या विहिरी, महामार्गावरची वाहतूक, डोंगराच्या पायथ्याशी वाढणारी उपनगरे यांतले काहीच त्या हिवाळ्यानंतर आखडले गेले नाही. ते एका ठरावाने आखडण्याइतकी सोपी तरतूद कुठल्या कागदावर नाही.

उपनगरांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, बॉयसी या शहरांभोवती आज मराठी घरेही आहेत. गणेशोत्सव होतात, मुले शनिवारी मराठी शाळेत जातात. डोंगराच्या पायथ्याची उतरती जमीन हा म्यूल डिअरचा हिवाळी मुलूख, आणि दृश्य छान म्हणून घरांची वाढ नेमकी तिकडेच होते. त्या घरांत राहणारी माणसे हरीण अंगणात आले की फोटो काढतात आणि ऑक्टोबरमध्ये भडक नारिंगी जाकीट घातलेला शेजारी बंदूक गाडीत ठेवताना दिसला की नाक मुरडतात. त्यांना त्या शेजाऱ्याइतकेच हरणाचे प्रेम असेल. पण कळपाच्या नजरेतून पाहिले तर त्या शेजाऱ्याने वर्षाकाठी फार तर एक नर घेतला, आणि वसाहतीने हिवाळी चराईचा एक तुकडा कायमचा घेतला. पहिल्याला परवाना लागला. दुसऱ्यालाही परवाना लागला, पण त्यात हरणाचा रकाना नव्हता.

इथे शिकारी हमखास पैशाचा मुद्दा काढतात. रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. परवान्यांचे शुल्कही तिकडेच जाते. 'आम्ही पैसे देतो म्हणून रान टिकते.' यात तथ्य आहे, पण निम्मेच. आज बंदुका आणि काडतुसे घेणाऱ्यांपैकी मोठा वर्ग शिकारीला कधीच जात नाही. आणि हरणे ज्या जमिनीवर राहतात ती बरीचशी केंद्र सरकारची आहे. नेवाडाची सुमारे ८० टक्के, युटाची निम्म्याहून बरीच जास्त. तिचा खर्च सगळेच करदाते उचलतात. शिवाय पैसे दिल्याने नैतिक हक्क मिळतो असे एकदा मानले, की सर्वात जास्त पैसे देणाऱ्याचा हक्क सर्वात मोठा ठरतो. तसे घडतेही आहे. राज्ये दरवर्षी मोजके टॅग लिलावात काढतात, आणि युटातल्या अँटिलोप आयलंडवरच्या एकेका नरासाठी लाखो डॉलर मोजले गेले आहेत. तो पैसा संवर्धनाला जातो हे खरे. पण चिठ्ठी टाकून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या गवंड्याला आणि त्या धनिकाला एकाच रांगेत उभे करणारी जी कल्पना होती, तिला तिथे भोक पडते.

शिकाऱ्यांची खरी सार्वजनिक कामगिरी पैशापेक्षा राजकारणात दिसते. जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या सरकारी जमिनी विकायला काढण्याची तरतूद एका विधेयकात घातली होती. तिला विरोध करणाऱ्यांत पर्यावरणवाद्यांच्या खांद्याला खांदा लावून शिकारी उभे राहिले, आणि त्यात लींच्या स्वतःच्या पक्षाचे मतदार पुष्कळ होते. तरतूद मागे घ्यावी लागली. वायोमिंगमध्ये रेल्वे कंपन्यांना एकोणिसाव्या शतकात दिलेल्या जमिनींमुळे खासगी आणि सरकारी चौकटी बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक पडल्या आहेत. २०२१ साली काही शिकाऱ्यांनी सोबत आणलेल्या शिडीवरून दोन सरकारी चौकटींच्या कोपऱ्यातून पाऊल टाकले. खासगी जमिनीला पाय न लावता, फक्त तिच्यावरच्या हवेतून. फौजदारी खटल्यात ते सुटले, पण जमीनमालकाने दिवाणी दावा लावला. २०२५ साली केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सामाईक जमीन सामाईक ठेवण्यासाठी कुणाला तरी तिच्यावर पाय ठेवण्याची गरज भासावी लागते. ही गरज शिकाऱ्याला भासते आणि तो भांडतो.

माझ्या मांडणीला दोन ठिकाणी धक्का बसतो. पहिला असा की हिशेबाच्या वहीला गळती आहे. जखमी होऊन निसटलेले आणि नंतर झुडपात मेलेले हरीण कुठल्याच टॅगवर चढत नाही. आणि ही गळती तंत्राने वाढते आहे. अंतर मोजणारी यंत्रे, मोठ्या भिंगांच्या दुर्बिणी, हजार यार्डांवर नेम धरण्याच्या बढाया. इतक्या लांबून मारताना गोळी पोचेपर्यंत हरणाने एक पाऊल टाकले तर छातीऐवजी पोटात लागते. हे शिकाऱ्यांनाही कळते. आयडाहोने १६ पौंडांहून जड रायफलींना बंदी घातली आहे, ॲरिझोनाने रानात लावायचे टेहळणी कॅमेरे शिकारीसाठी वापरायला २०२१ साली मनाई केली. कैबाबवर तर मारलेल्या हरणाच्या अवशेषांतल्या शिशामुळे दुर्मीळ काँडर गिधाडे विषबाधेने मरतात, म्हणून तिथल्या शिकाऱ्यांना २००५ पासून शिशाविना काडतुसे फुकट दिली जातात, आणि बहुतेक जण ती स्वखुशीने वापरतात. हे निर्बंध म्हणजे हिशेबाचाच विस्तार आहे. शिकारी जितका जवळ जाईल, तितके त्याने आणलेले मरण अचूक मोजले जाईल. जो हे निर्बंध झुगारतो, त्याच्यासाठी माझ्याकडे कुठलेही समर्थन नाही.

दुसरा धक्का अधिक खोल आहे. कुणी म्हणेल, मोजल्याने हत्या निर्दोष होते का? खाटीक पावती देतो म्हणून बकऱ्याचे काही कमी गेले का? हे बरोबर आहे. हरणाच्या दृष्टीने टॅग असणे-नसणे सारखेच. रानात त्याला भुकेने किंवा प्यूमाच्या दाताने याहून वाईट मरण आले असते, हे शिकाऱ्यांचे सांत्वनही मला पटत नाही. दुसऱ्याचे मरण वाईट होणार होते म्हणून मी ते आधी आणावे, असा अधिकार त्यातून मिळत नाही. ज्याला कुठल्याही प्राण्याला मारणे अमान्य आहे आणि जो तसे जगतो, त्याच्याशी माझा वाद नाही. पण तसे जगणे पश्चिमेतल्या त्या राज्यांत आज कुणाला शक्य आहे? गॅसवर घर गरम होते, महामार्गाने माल येतो, पायथ्याशी अंगण असते. मारण्यातला आपला वाटा शून्य करता येत नसेल, तर उरतो प्रश्न एवढाच की तो वाटा दिसतो की लपतो. शिकाऱ्याचा वाटा दिसतो. त्यावर बोलता येते, तो कमी करता येतो, बंदही करता येतो. नीतीची सुरुवात तिथून होऊ शकते, शेवट नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार जवळजवळ बंद केली आणि त्या वेळी ते आवश्यकच होते. पण बंदीने मारणे थांबले असे मानायची सवय आपल्याला लागली. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेली हरणे, शेताच्या कडेला सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटलेली रानडुकरे, रात्रीच्या गाडीखाली आलेली रानमांजरे: ही मरणे बातमीत येतात, वहीत क्वचित. पारध्याच्या हातातले जाळे मात्र आपण तत्परतेने काढून घेतले. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी वन्यजीव कायद्यावर टीका करत रानडुकरांच्या नियंत्रित शिकारीची बाजू मांडली, तेव्हा गदारोळ झाला. आपल्या दाट वस्तीच्या, वशिल्याच्या मुलखात पश्चिम अमेरिकेसारखी टॅगपद्धत टिकेल असे मला वाटत नाही, आणि तिची शिफारसही मी करत नाही. तिच्यातला हिशेब मात्र घेण्यासारखा आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी वाट सोडली गेली आणि तिथून कोण कोण जाते हे कॅमेऱ्यांनी मोजले गेले. वायोमिंगमध्येही पाइनडेलजवळ हमरस्त्यावरून हरणांना नेणारे पूल २०१२ साली झाले. मोजणी आणि उपाय हातात हात घालून जाऊ शकतात, हा दोन्हीकडचा अनुभव आहे.

म्हणून शिकाऱ्याला 'तू मारतोस कसा?' असे विचारण्यापेक्षा 'तुझा हिशेब दाखव' असे विचारावे. टॅग, दात, लसिका ग्रंथी, पाठीवर आणलेले मांस, निसटलेल्या जखमी हरणाच्या मागे घालवलेला दिवस. ज्याच्याकडे हे आहे त्याला तोच प्रश्न उलट विचारण्याचा हक्क पोचतो: विहीर खणणाऱ्या कंपनीला, रस्ता आखणाऱ्या खात्याला, पायथ्याशी घर घेणाऱ्या कुटुंबाला. हिवाळी चराईचा तुकडा घेणाऱ्यालाही भाग आणि मर्यादा ठरवून दिल्या, कठोर हिवाळ्यानंतर त्याचाही वाटा आखडला, घेतलेल्याची नोंद त्याच्याही नावावर झाली, तर म्यूल डिअरचे भले बंदुका बंद केल्याने होईल त्याहून कितीतरी अधिक होईल. हे होणार नसेल, तर शिकार बंद करण्याची मागणी सोपी आहे आणि ती करणाऱ्याला स्वतःच्या खिशातून काहीच द्यावे लागत नाही.